फ्लेक्सवरचे शंभर टक्के : गावच्या हायस्कूलचा निकाल कसा वाचायचा

दहावीचा निकाल दुपारी ऑनलाइन लागतो आणि एक-दोन दिवसांत गावच्या चौकात फ्लेक्स उभा राहतो. वर संस्थापकांचा फोटो, खाली पहिल्या तिघांचे फोटो आणि मधोमध ठळक अक्षरांत ‘शाळेचा निकाल १०० टक्के’. माण-खटाव असो, पाटण असो की जत-आटपाडी, चित्र सगळीकडे हेच. त्या पोरांचं आणि शिक्षकांचं कौतुक व्हायलाच हवं. पण येत्या जूनमध्ये ज्यांना आपलं मूल आठवीत घालायचं आहे, त्यांना या आकड्यावरून शाळेबद्दल फार थोडं कळतं. टक्केवारी म्हणजे शेवटी अपूर्णांकच. वर अंश, खाली छेद. फ्लेक्सवर नुसतं उत्तर छापलेलं असतं. छेदात कोण धरलं आणि कोण धरलं नाही, हे विचारल्याशिवाय समजत नाही.

त्याआधी एक गोष्ट स्पष्ट करून घेऊ. सरकारी शाळा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर जिल्हा परिषदेची मराठी शाळा येते. ती बहुतेक गावांत सातवीपर्यंत, काही ठिकाणी आठवीपर्यंत. पुढचं हायस्कूल साताऱ्या-सांगलीकडे बहुधा एखाद्या शिक्षण संस्थेचं असतं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था सुरू केली, १९२४ मध्ये तिचं ठाणं साताऱ्याला आलं आणि त्या वाटेनं खेडोपाडी हायस्कुलं उभी राहिली. इमारत आणि कारभार संस्थेचा, पण शाळा अनुदानित असेल तर शिक्षकांचा पगार शासनाच्या तिजोरीतून होतो. म्हणजे ही शाळा आपल्याच पैशावर चालते. तिथे माहितीचा अधिकार लागू आहे, आणि पालकानं निकालाचा हिशेब मागितला तर तो आगाऊपणा ठरत नाही.

छेद कसा काढायचा

समजा, एका हायस्कुलात तीन वर्षांपूर्वी आठवीत ३४ मुलं-मुली दाखल झाल्या. यंदा दहावीला शाळेतून २६ बसले आणि २५ पास झाले. निकाल ९६.१५ टक्के. हा आकडा बिनचूक आहे, बोर्डही असाच काढतं. पण ३४ चे २६ कसे झाले?

उत्तर शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये असतं. प्रत्येक मुलाची नोंद, दाखल झाल्याची तारीख, दाखला नेल्याची तारीख आणि कारण तिथे लिहिलेलं असतं. आपल्या उदाहरणात पाच जण दाखला घेऊन गेले: कुणाचे वडील माथाडी कामाला मुंबईला, कुणाचं कुटुंब गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी परराज्यात. खानापूर-आटपाडी भागात हे नेहमीचंच आहे. ही पाच मुलं दुसऱ्या शाळेच्या हजेरीवर लागली असतील, तर ती इथल्या हिशेबातून वजा करायची. उरले २९. मधल्या काळात दोघं नवीन आले. झाले ३१. या ३१ जणांचं पुढे काय झालं, ही त्या शाळेची जबाबदारी. त्यांतले २५ पास झाले, म्हणजे खरा आकडा ८०.६ टक्के.

राहिलेल्या सहा जणांपैकी एक दहावीत नापास. तिघं नववीत मागे राहिले. एकीनं नववीनंतर शाळा सोडली, लग्न ठरलं म्हणून. आणि एकाला सतरा नंबरचा फॉर्म भरायला सांगितलं.

हा सतरा नंबरचा फॉर्म नीट समजून घ्यायला हवा. ज्यांचं शाळेत जाणं सुटलं, त्यांना घरी अभ्यास करून बोर्डाची परीक्षा देता यावी म्हणून ही सोय आहे, आणि ती चांगली आहे. शेतमजुरी करणाऱ्या, लग्न होऊन आलेल्या कितीतरी जणी या वाटेनं दहावी झाल्या. पण हाच फॉर्म रोज शाळेत येणाऱ्या कच्च्या मुलाच्या हातात ठेवला, तर मूल बाहेरून बसणारं ठरतं आणि शाळेच्या नियमित निकालात धरलं जात नाही. नववीत गाळण्याचा परिणामही तोच. म्हणून मुख्याध्यापकांना पहिला प्रश्न हा विचारायचा: तीन वर्षांपूर्वी आठवीच्या पटावर किती होते, आणि त्यांतले किती जण याच शाळेतून पास होऊन बाहेर पडले? नावं मागायची गरज नाही, संख्या पुरते. चांगला मुख्याध्यापक या प्रश्नानं रागावत नाही. बऱ्याचदा त्याच्याकडे हा हिशेब तयार असतो, कारण पट टिकला तरच शिक्षकांची पदं टिकतात.

चोवीस मुलांच्या वर्गात टक्का किती वजनाचा

शहरातल्या शाळेत दहावीला २४० मुलं असतील तर एक नापास झाल्यानं निकाल ०.४२ टक्क्यांनी हलतो. आपल्या गावात २४ असतील तर एकाच मुलामुळे ४.१७ टक्के जातात. दोघं नापास झाले की १०० चे ९१.६७ होतात आणि गावात बोलणं सुरू होतं, ‘शाळा घसरली.’ शाळा घसरलेली नसते. एक पोरगा परीक्षेच्या आठवड्यात तापानं फणफणला होता आणि दुसऱ्याचं गणित राहिलं, एवढंच कदाचित झालेलं असतं.

यावर साधा उपाय म्हणजे तीन वर्षांची मुलं एकत्र मोजणं. टक्क्यांची सरासरी काढायची नाही, मुलांचीच बेरीज करायची. पहिल्या वर्षी २४ पैकी २४, दुसऱ्या वर्षी ३१ पैकी २८, तिसऱ्या वर्षी २७ पैकी २५. एकूण ८२ पैकी ७७, म्हणजे ९३.९ टक्के. या आकड्यावर थोडा भरवसा ठेवता येतो. पाच वर्षांचं घेतलं तर अधिकच.

मात्र वर्षं जोडताना जपायला हवं, कारण परीक्षाच दरवर्षी सारखी नव्हती. राज्याचा दहावीचा निकाल २०१८ मध्ये ८९.४१ टक्के होता, २०१९ मध्ये तो एकदम ७७.१० वर आला आणि २०२० मध्ये ९५.३० वर गेला. दोन वर्षांत महाराष्ट्रातली मुलं आधी मठ्ठ आणि मग हुशार झाली नव्हती. २०१९ ला भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे शाळेच्या हातातले अंतर्गत २० गुण काढून टाकले होते, पुढच्या वर्षी ते परत आले. शिवाय २०२० मध्ये लॉकडाऊनमुळे भूगोलाचा पेपर झालाच नाही. २०२१ ला परीक्षाच झाली नाही, मूल्यमापन शाळांनी केलं, निकाल ९९.९५. २०२२ ला अभ्यासक्रम कमी केलेला आणि परीक्षा ज्या त्या शाळेत, निकाल ९६.९४. पूर्ण अभ्यासक्रम परत आल्यावर २०२३ मध्ये ९३.८३. तेव्हा शाळेच्या निकालाशेजारी त्याच वर्षाचा राज्याचा किंवा कोल्हापूर विभागाचा निकाल लिहून ठेवावा. सातारा, सांगली आणि कोल्हापूर हे तीन जिल्हे मिळून कोल्हापूर विभागीय मंडळ होतं. शाळा विभागाच्या पुढे आहे की मागे, आणि हे अंतर वाढतंय की कमी होतंय, एवढंच पाहायचं.

एक गुणपत्रक उघडून पाहू

पास-नापासच्या पलीकडचं सगळं गुणपत्रकात असतं. एक नमुना घेऊ. मराठी ८४, हिंदी ८०, इंग्रजी ६१, गणित ४१, विज्ञान ६३, सामाजिक शास्त्रे ७९. बेरीज ४०८.

सहाशेपैकी ४०८ म्हणजे ६८ टक्के. पण बोर्ड सर्वांत चांगले पाच विषय धरतं. गणित गळालं की उरतात ५०० पैकी ३६७, म्हणजे ७३.४ टक्के. घरी पेढे वाटले जातात, आणि वाटावेतच. पण या मुलीला अकरावी सायन्सला किंवा पॉलिटेक्निकला घालायचा विचार असेल, तर जो विषय टक्केवारीतून गळाला, नेमका तोच तिथे रोज समोर येणार आहे.

आता गणिताच्या त्या ४१ कडे जवळून पाहू. गणिताचे १०० गुण म्हणजे भाग एकचे (बीजगणित) ४०, भाग दोनचे (भूमिती) ४० आणि अंतर्गत २०. अंतर्गत गुण शाळा देते, आणि ते सहसा १८-१९ च्या आसपास असतात. समजा १९ मिळाले. म्हणजे लेखीत ८० पैकी २२. पास व्हायला एकूण ३५ लागतात, तेव्हा अंतर्गत १९ हातात असलेल्या मुलाला लेखीत १६ पुरतात. ८० पैकी १६ म्हणजे एकपंचमांश पेपर. विज्ञानात २० गुण प्रात्यक्षिकाचे, भाषांत आणि सामाजिक शास्त्रांतही २० गुण शाळेच्याच हातात.

अंतर्गत गुण वाईट नाहीत. लिहिताना अडखळणारं पण बोलून छान सांगणारं मूल त्यामुळे उभं राहतं. अडचण एवढीच की सगळ्यांनाच १९ दिले, तर त्या गुणांतून काही कळेनासं होतं. म्हणून शाळेची पारख करताना प्रत्येक विषयाचे फक्त लेखीचे गुण घ्यावेत. ते चढत्या क्रमानं लावायचे आणि मधल्या मुलाचा गुण पाहायचा. २५ मुलांत तेरावा. गणित लेखीत तेराव्या मुलाला ८० पैकी ३८ असतील तर वर्गाचा मध्य ठीक आहे. २० असतील, तर निकाल शंभर टक्के असो की नसो, अर्धा वर्ग गणितात बुडालेला आहे. पहिल्या आलेल्या मुलीचे ९४ टक्के यात मुळीच पाहायचे नाहीत. एका हुशार मुलीवरून शाळा कळत नाही, आणि तिचं यशही शाळेनं एकट्यानं मिरवावं असं नसतं.

आणखी एक पडताळा आठवीतच मिळतो. एनएमएमएस, म्हणजे आर्थिक दुर्बल घटकांतल्या हुशार मुलांसाठीची केंद्राची शिष्यवृत्ती परीक्षा, शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थेच्या आणि अनुदानित शाळांतल्या आठवीच्या मुलांसाठी आहे. सातवीत ५५ टक्के आणि पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत ही मुख्य अट. बौद्धिक क्षमता आणि शालेय क्षमता असे दोन पेपर, प्रत्येकी ९० प्रश्न. निवड झाली की नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये. शाळेतून किती बसवले आणि किती निवडले गेले, हे विचारावं. परीक्षा बाहेरची असल्यानं अंतर्गत गुणांचा आधार इथे नसतो. शिवाय वर्षाला बारा हजार मिळणारी मुलगी सहसा नववीत शाळा सोडत नाही. त्या पैशाचं हे मोल गरीब घरात फार मोठं असतं.

मुलं अडतात कुठे

दहावी नापास झालेलं मूल दहावीत अडलेलं नसतं. गणिताचं एक उदाहरण पुरेसं आहे. दोन समीकरणं:

२क्ष + ३य = १२
२क्ष − य = ४

पहिल्यातून दुसरं वजा करायचं. क्ष उडतो. डावीकडे ३य मधून (−य) वजा, म्हणजे ४य. उजवीकडे ८. य = २, मग क्ष = ३. अनेक मुलं ३य मधून य वजा करतात, २य लिहितात आणि य = ४ काढतात. पुढे क्ष = ० येतो. पहिल्या समीकरणात ताळा घेतला तर जमतोही, दुसऱ्यात ठेवल्यावर −४ येतं आणि पितळ उघडं पडतं. पण तोवर ताळा घ्यायची सवय लागलेली नसते. इथे दहावीची पद्धत मुलाला येत होती. त्याला येत नव्हती ती ऋण संख्येची वजाबाकी, आणि तिचा पाया पूर्णांक संख्यांसह सहावी-सातवीत घातला जातो. त्यावर दहावीच्या अपेक्षित प्रश्नसंचाचे दहा पेपर सोडवून घेतले, तर तीच चूक दहा वेळा होते आणि पक्की होते. समरूपतेत गुणोत्तर आलं की अपूर्णांक नडतो, अर्थनियोजनात जीएसटी आला की शेकडेवारी नडते. रोग तोच.

जतच्या सीमाभागात आणखी एक पदर आहे. घरी कानडी, काहींची आधीची शाळाही कानडी माध्यमाची, आणि आठवीला मराठी हायस्कूल. अशा मुलाला ‘एका संख्येच्या तिपटीपेक्षा पाचने कमी’ हे वाक्य समजत नाही. आकडे मांडून दिले तर तेच उदाहरण त्याला सुटतं. त्याला गणितात कच्चा म्हणणं अन्याय आहे.

मग शिक्षकांचा प्रश्न. अनुदानित शाळेत पदं संचमान्यतेनं, म्हणजे पटावर ठरतात. पट घटला की पद जातं किंवा शिक्षक अतिरिक्त ठरतो. निवृत्त झालेल्याच्या जागी नेमणूक व्हायला शासनाच्या शिक्षकभरतीच्या ‘पवित्र’ पोर्टलची वाट पाहावी लागते आणि त्यात वर्षं जातात. छोट्या हायस्कुलात गणित-विज्ञानाचा शिक्षक बहुधा एकच असतो. तो निवृत्त झाला की ते तास तासिका तत्त्वावरच्या, म्हणजे तासागणिक मानधन घेणाऱ्या माणसाकडे किंवा दुसरा विषय घेणाऱ्या सहकाऱ्याकडे जातात. निकालाच्या तक्त्यात गणिताचा मधला गुण अचानक खाली आलेला दिसला, तर आधी पाहावं की त्या किंवा आदल्या वर्षी पद रिकामं होतं का. मुलांना किंवा उरलेल्या शिक्षकांना दोष देण्याआधी एवढं करणं हे कर्तव्यच आहे.

हजेरीचंही तसंच. वर्षाची सरासरी ८५ टक्के असली तरी महिन्यावार काढली की दुसरंच चित्र दिसतं. तासगावकडे ऑक्टोबरच्या आसपास द्राक्षाच्या छाटणीची धांदल आणि जानेवारीपासून माल निघायला सुरुवात. हळद काढणं-शिजवणंही त्याच सुमाराला. माणदेशात ज्वारीची सुगी फेब्रुवारीत. बोर्डाच्या परीक्षेआधीचे हेच आठवडे. मेंढरं घेऊन घाटाखाली उतरणाऱ्या धनगर कुटुंबांतली मुलं तर दिवाळीनंतर दिसतच नाहीत, ती आजी-आजोबांकडे राहिली तरच शाळा होते.

आणि एसटी. वाड्यावस्त्यांवरून येणाऱ्या मुलांची परतीची गाडी पाचची असेल, तर साडेपाचपर्यंतचे जादा तास गावातल्याच मुलांना मिळतात, ज्यांना त्यांची तुलनेनं कमी गरज असते. पाटण-जावळीच्या डोंगरातल्या मुलींना पास मोफत असतो, पण गाडी चुकली तर तीन-चार किलोमीटर अंधारात चालावं लागतं, म्हणून घरचे शाळाच बंद करतात. जादा तास सकाळी नऊला ठेवायचे की संध्याकाळी, हे आगाराच्या वेळापत्रकावरून ठरवावं. शाळेच्या लेटरहेडवर मुख्याध्यापक आणि सरपंच दोघांच्या सहीनं, वस्त्यांची नावं आणि पासधारक मुलांची संख्या लिहून आगारप्रमुखांकडे अर्ज दिला, तर गाडीची वेळ अर्धा तास मागे-पुढे होण्याची शक्यता नुसत्या तोंडी विनंतीपेक्षा बरीच वाढते.

जूनमध्ये काय करता येतं

आठवीत आलेल्या प्रत्येक मुलाची पहिल्या पंधरवड्यात चाळीस मिनिटांची चाचणी घ्यावी. मराठीचा आठ-दहा ओळींचा उतारा मोठ्यानं वाचणं आणि दोन प्रश्न. इंग्रजीची पाच सोपी वाक्यं. तीन अंकी संख्येला दोन अंकीनं भाग, दोन अपूर्णांकांची बेरीज, −३ − ५ सारखी चार उदाहरणं, ४०० चे १५ टक्के. गुण द्यायचे नाहीत. कोणाला काय येत नाही, एवढंच वहीत मांडायचं. चोवीस मुलांचा वर्ग असेल तर दोन शिक्षकांचं हे दोन दिवसांचं काम आहे. छोट्या शाळेचा हा मोठा फायदा. अडीचशेच्या तुकड्यांत असं करणं जड जातं.

मग इयत्ता बाजूला ठेवून रोज पाऊण तास गट. भागाकारवाल्यांचा एक, अपूर्णांकवाल्यांचा एक, वाचनाचा एक. एका गटात आठ-दहापेक्षा जास्त नकोत. दर तीन आठवड्यांनी तीच चाचणी वेगळ्या आकड्यांनी घ्यायची आणि ज्याला आलं त्याला पुढच्या गटात न्यायचं. हे फसतं ते एकाच कारणानं: गट कायमचे होतात. ‘ढ गट’ असं नाव पडलं की मूल शाळेलाच यायचं बंद होतं. गटाला नाव देऊ नये, आणि त्यात वर्गातल्या हुशार पोरालाही कधी वाचनासाठी, कधी भूमितीसाठी बसवावं.

हेच काम दहावीत डिसेंबरला सुरू केलं तर उशीर झालेला असतो. त्या वेळी हातात उरतं ते भाग एकची आणि दोनची नेमकी निवडलेली पाच-सहा प्रकरणं पक्की करणं. कच्च्या मुलासाठी सांख्यिकी, संभाव्यता, अंकगणिती श्रेढी आणि भौमितिक रचना यांपासून सुरुवात केलेली बरी, कारण त्यात मागच्या इयत्तांचं ओझं कमी आणि पायऱ्या ठरलेल्या असतात. रचनेत पेन्सिलीचं टोक बारीक आणि कंपासचा स्क्रू घट्ट असला तरी गुण वाचतात. कंपासपेटी नसलेली मुलं वर्गात किती, हे जानेवारीत पाहावं, परीक्षेच्या आदल्या दिवशी नव्हे.

निकाल लागल्यानंतरचा आठवडा मात्र फ्लेक्सवर नसलेल्या मुलांचा असतो. एक किंवा दोन विषय राहिलेल्या मुलाला एटीकेटीवर, म्हणजे राहिलेला विषय नंतर सोडवायच्या अटीवर, अकरावीत प्रवेश घेता येतो, आणि जून-जुलैत पुरवणी परीक्षा असते. तिचा फॉर्म शाळेमार्फतच भरायचा असतो आणि मुदत थोडी असते. नापास झालेलं मूल शाळेकडे फिरकत नाही, तोंड लपवतं, कुणी पुण्याला हॉटेलात कामाला निघून जातं. म्हणून वर्गशिक्षकानं निकालाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्याच्या घरी जावं, गुणपत्रकाची प्रिंट बरोबर न्यावी, आई-वडिलांसमोर कोणता विषय किती गुणांनी राहिला ते दाखवावं आणि फॉर्मची शेवटची तारीख कॅलेंडरवर पेनानं गोल करून यावं.